गिअरबॉक्स ‘गेला’ असे सांगून माझ्याकडून १,७३,५०० रुपये घेतले गेले

माझ्याकडे १९८४ सालची मर्सिडीज २४०डी आहे; १२३ मालिकेतली, डिझेलवर चालणारी, ऑटोमॅटिक गिअरची. २०११ साली ती घेतली आणि चौदा वर्षे पोटच्या पोरासारखी सांभाळली. आज ती ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी आहे, कारण ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल गिअरबॉक्स बसवून देतो असे सांगून रबाळे एमआयडीसीतल्या एका गॅरेजवाल्याने माझे १,७३,५०० रुपये घेतले आणि गाडी रस्त्यावर आणण्याच्या लायकीची ठेवली नाही. लाज वाटत असूनही हे लिहितो आहे, कारण तो माणूस अजून जुन्या गाड्यांच्या मालकांना गाठतो आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात गिअर बदलताना गाडी जोराचा झटका देऊ लागली. गॅरेजवाल्याने काळ्या तेलाने माखलेले फडके माझ्यापुढे धरले आणि म्हणाला, ‘साहेब, तेल जळलंय, गिअरबॉक्स गेला. मॅन्युअल करून टाका, कायमची कटकट मिटेल.’ अंदाज दिला १,८५,००० रुपयांचा. ऑटोमॅटिकचे तेल लाल आणि पातळ असते, जळले की तपकिरी पडते आणि त्याला करपट वास येतो. त्या फडक्यावरचे दाट काळे तेल इंजिनाचे होते, हे मला आता कळते. गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, स्वतः ओढून पाहा. दुसऱ्याच्या हातातले फडके हा पुरावा नव्हे.

मी आंधळेपणाने होकार दिलेला नाही. हे मॉडेल कारखान्यातूनच मॅन्युअल गिअरमध्येही येत असे, त्यामुळे हा बदल होऊ शकतो, हे मला ठाऊक होते. मी सामानाची यादी मागितली आणि त्याने ती बिनचूक लिहून दिली: ऑटोमॅटिकच्या पातळ चकतीऐवजी जड फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकच्या टोकात बसणारे पायलट बेअरिंग, पेडलचा संपूर्ण संच, क्लचचे मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, योग्य लांबीचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची फिरकी मागच्या चाकांकडे नेणारा दांडा. इतके नेमके जाणणारा माणूस खोटा असेल, असे कोणाला वाटले असते? १४ जूनला ७५,००० रुपये यूपीआयने दिले. खाते दुसऱ्याच नावावर होते. ‘मिसेसचं आहे,’ असे तो म्हणाला. ९ जुलैला दुबईहून येणाऱ्या गिअरबॉक्सच्या ‘कस्टम ड्यूटी’साठी ३८,५०० दिले. सीमाशुल्क भरल्याची पावती दाखवल्याशिवाय या नावाखाली एक रुपयाही कोणाला देऊ नका.

आता २ ऑगस्टचा दिवस. तो आठवला की अजून रात्री झोप उडते. पाऊस कोसळत होता. शेडच्या कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेला गिअरबॉक्स त्याने मला उघडून दाखवला. त्याच्या पाठीवर पिवळ्या ऑइलपेंटने, ब्रशने ओढलेले ‘४७’ असे आकडे होते आणि त्याखाली वाळलेला लाल चिखल. भंगारवाले सुट्या भागांवर असे आकडे टाकतात, हे मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अनेकदा पाहिलेले आहे. मी त्या आकड्यांवरून बोटही फिरवले. विचारले, ‘हे काय?’ तो म्हणाला, ‘कस्टमवाल्यांची खूण, साहेब.’ आणि मी मान डोलावली! त्या क्षणी गाडी टोइंगवर चढवून घरी आणली असती, तर उरलेले पैसे तरी वाचले असते. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तोवर उतरवलेला होता, गाडी त्याच्या रॅम्पवर होती, १,१३,५०० रुपये आधीच गेले होते, आणि एवढे घालवलेला माणूस खोटे ओळखण्यापेक्षा खरे मानायला जास्त राजी असतो. त्याच दिवशी मी ६०,००० रुपये रोख दिले. पावती मागितली, ‘शेवटी एकच बिल देतो,’ असे उत्तर मिळाले.

ऑगस्टअखेर गाडी मिळाली. ब्रेकचे मूळ रुंद पेडल ग्राइंडरने अर्धे कापून शेजारी कुठल्याशा गाडीचे क्लच पेडल वेल्डिंगने जोडलेले होते. जळलेला रंगही पुसलेला नव्हता. गिअरबॉक्स कुठल्यातरी जीपचा होता आणि तो पत्र्याची जोडपट्टी लावून बसवलेला होता. स्पीडोमीटरची केबल प्लास्टिकच्या पट्टीने बांधून नुसती लोंबत सोडली होती. कापून जोडलेल्या प्रोपेलर शाफ्टमुळे ठाणे-बेलापूर रस्त्यावर ताशी ५० च्या पुढे सगळी गाडी थरथरू लागली आणि कळव्याच्या अलीकडे क्लच बसला. टोइंगला ४,८०० रुपये वेगळे मोजले.

नंतर एका वयस्कर मेकॅनिकला घरी बोलावले. त्याने बॉनेटखालून एक बारीक नळी ओढून दाखवली. व्हॅक्यूम पंपापासून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सपर्यंत जाणारी ही नळी. तिच्यातला व्हॅक्यूम गळू लागला की गिअर झटक्याने पडतात. तिचा रबरी सांधा उभा चिरलेला होता. माझा गिअरबॉक्स बहुधा गेलेलाच नव्हता. तो कुठे आहे, असे गॅरेजवाल्याला विचारल्यावर ‘भंगारात दिला’ एवढेच उत्तर मिळाले. काढलेला प्रत्येक भाग त्याच दिवशी ताब्यात घ्या.

त्यानंतर सुरू झाली ती कचेऱ्यांची वणवण. ठाणे शहरातल्या पोलिसांकडे तक्रार द्यायला गेलो, तर गॅरेज नवी मुंबई आयुक्तालयाच्या हद्दीत आहे, तिकडे जा, असे सांगितले. तिकडे गेलो, तर पैसे ठाणे शहरातून दिलेत आणि मुळात हा दिवाणी वाद आहे, असे सांगून तीन तास बाकावर बसवले आणि अदखलपात्र नोंदीचा कागद हातात ठेवला. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे ना, असे विचारले, तर ‘वकील आहात का?’ असा उलट प्रश्न आला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. पैसे समोरासमोर, स्वखुशीने दिलेत, हा ऑनलाइन गुन्हा होत नाही, असे कळले. परिवहन कार्यालयात गाडीची तपासणी करून अहवाल द्या, अशी विनंती केली, तर आरसीवर इंजिन आणि चॅसिसचा क्रमांक असतो, गिअरबॉक्सचा नसतो, तेव्हा आधी कोणता होता हे आम्ही कसे सांगणार, असे म्हणाले आणि वर फेरफाराची परवानगी घेतली होती का, म्हणून मलाच मोटार वाहन कायद्याचे, गाडीतल्या फेरफारांबद्दलचे कलम ५२ ऐकवले. लुबाडला गेलेला मी, आणि प्रत्येक खिडकीवर जबाब मात्र माझाच! १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक तेवढा मिळाला. आता जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावला आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, ती चुकवू नका. पहिल्या दोन तारखांना समोरची व्यक्ती हजर राहिली नाही.

माझ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाच्या तबकाला डाव्या कोपऱ्यात बोटभर लांबीची, पितळी डाग देऊन (पितळ वितळवून) जोडल्याची खूण आहे. २०१६ साली मीच तो डाग लावून घेतला होता. असा गिअरबॉक्स कोणी विकायला आणला, तर घेण्याआधी त्याला तो कुठून आणला, हे लेखी विचारा आणि एक फोटो काढून ठेवा.