सायकलचं इन-मोल्ड हेल्मेट: लेबल वाचून घ्या, झेब्रावर सायकल जपून चालवा

रोज सायकलने कामाला किंवा कॉलेजला जाणाऱ्यांसाठी साधारण हजार ते अडीच हजार रुपयांत मिळणारं, मागे आवळायची फिरकी असलेलं इन-मोल्ड हेल्मेट पुरेसं आहे. त्याहून महाग घेतलं तर जादा पैसे बहुतेक वजन कमी करण्यात आणि हवा खेळती ठेवण्यात जातात. त्याहून फार स्वस्त मात्र घेऊ नका. पाच-सहाशेच्या हेल्मेटात वरचं कवच आतल्या थर्माकोलसारख्या फोमला नुसतं चिकटवलेलं असतं. उन्हात गोंद सुटतो, कडा उचलल्या जातात, आणि पडल्यावर कवच रस्त्यावर घसरण्याऐवजी अडकतं. इन-मोल्डमध्ये फोम कवचाच्या आतच फुगवून भरलेला असतो, त्यामुळे दोन्ही एकजीव राहतात. दुकानात कडेला नख घालून पाहा. फट लागली तर ते हेल्मेट परत ठेवा.

पण सगळ्यात आधी आतलं लेबल वाचायचं. याचं कारण कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम हेल्मेटची सक्ती करतं ती मोटारसायकलवाल्याला आणि त्याच्या मागे बसणाऱ्याला, पायडलच्या सायकलवाल्याला नाही. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्का बंधनकारक झाला तोही मोटर असलेल्या दुचाकींच्या हेल्मेटांपुरता. म्हणजे सायकलच्या हेल्मेटाची परीक्षा आपल्यासाठी आधीच कुणी घेतली आहे, असं धरून चालता येत नाही. लेबलवर दोनपैकी एक खूण शोधा: युरोपची ‘ईएन १०७८’ किंवा अमेरिकेची ‘सीपीएससी’. युरोपात विकायच्या सगळ्याच वस्तूंवर असते ती नुसती ‘सीई’ खूण पुरत नाही, शेजारी १०७८ हा आकडा हवा. शिवाय बनवल्याचा महिना-वर्ष, वजन आणि डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये छापलेला हवा.

या खुणांचा अर्थ समजून घेतला तर अपेक्षाही योग्य राहतात. ईएन १०७८ च्या चाचणीत हेल्मेट सपाट लोखंडावर सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे ताशी साधारण साडेएकोणीस किलोमीटर वेगाने आपटतात. फुटपाथच्या कडेसारख्या धारेवर तोच वेग ४.५७ मीटर असतो. आत ठेवलेल्या डोक्याच्या साच्याला बसणारा धक्का २५० जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या अडीचशे पटीच्या, वर जाऊ द्यायचा नसतो. सीपीएससीमध्ये सपाट पृष्ठभागावरचा आघात दोन मीटर उंचीवरून होतो आणि मर्यादा ३०० जी असते. दोन्ही चाचण्या आहेत त्या सायकलवरून खाली पडण्याच्या. गाडीची जोरदार धडक हे हेल्मेट झेलेल असं समजू नका, आणि त्याच्या भरवशावर चौकात घाई करू नका.

शहरात सायकलस्वाराचं चाक जिथे हमखास घसरतं ती जागा म्हणजे झेब्रा क्रॉसिंग. हे पट्टे थर्मोप्लास्टिकचे असतात. गरम करून रस्त्यावर ओततात आणि रात्री चमकावेत म्हणून वर काचेचे बारीक मणी पसरतात. कोरड्या रस्त्यावर ते निरुपद्रवी असतात. पहिल्या पावसात मात्र धूळ आणि तेलाचा थर भिजतो आणि अर्धा मीटर रुंदीच्या त्या गुळगुळीत पट्ट्यावर बारीक टायरला पकडच मिळत नाही. वळता वळता पुढचा ब्रेक दाबला की चाक बाजूला निसटतं आणि माणूस एका कुशीवर आदळतो. तेव्हा आपटते ती कानशिलावरची बाजू. म्हणून ब्रेक पट्ट्याच्या आधी, थांबरेषेच्याही अलीकडे लावा. पट्टा हँडल सरळ ठेवून ओलांडा, वळण नंतर घ्या. हेल्मेट निवडतानाही डोक्याचा मागचा आणि बाजूचा भाग कितपत झाकला जातो ते पाहा. नुसतं टाळूवर बसणारं, कानशिलं उघडी टाकणारं मॉडेल शहरासाठी नको.

झेब्रावर हक्क कोणाचा, यातही गोंधळ असतो. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांनुसार सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगजवळ येताना चालकाने वेग कमी करून, थांबून वाट द्यायची ती पादचाऱ्याला आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला. पुढे वाहतूक तुंबलेली असेल आणि पलीकडे जागा नसेल, तर क्रॉसिंगवर गाडी चढवायचीच नाही, असंही त्याच नियमात आहे. हा दुसरा भाग आपल्याकडे रोज पायदळी तुडवला जातो, आणि त्याचा त्रास सगळ्यात जास्त म्हाताऱ्या माणसांना होतो. सायकलवर बसलेल्याचं नाव या यादीत नाही. झेब्रावरून रस्ता ओलांडायचा असेल तर खाली उतरा आणि सायकल हातात धरून चाला. तेव्हा तुम्ही पादचारी असता. सायकलवर बसून आडवं घुसलात, तर वळणाऱ्या चालकाला तुमचा वेग चालणाऱ्याच्या अंदाजात बसत नाही. फुटपाथवरून सायकल हाकणं तर नकोच, तो चालणाऱ्यांचाच राहू द्या.

आता माप. शिवणकामाचा टेप भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटरवरून, मागच्या फुगीर भागावरून फिरवा. ५७ आलं तर ५५ ते ५९ चा साइज घ्या. दोन मापांच्या सीमेवर असाल तर दोन्ही घालून पाहा. फिरकी पूर्ण आवळूनच जे बसतं ते मोठं आहे. हेल्मेट आडवं, भुवईपासून दोन बोटांवर बसवा. मागे कलंडलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं, आणि रस्त्यात दिसणारी निम्मी चूक हीच असते. बाजूचे पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे जुळले पाहिजेत, हनुवटीखाली एखादं बोट जाईल इतकीच जागा हवी. मोठी जांभई द्या. हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढलं गेलं तर पट्टा बरोबर आहे. अंबाडा घालणाऱ्यांना फिरकीची अडचण होते, त्यांनी वेणी मानेवर खाली घ्यावी. आत जाड टोपी नको.

‘मिप्स’ असं लिहिलेल्या हेल्मेटसाठी दुप्पट-तिप्पट पैसे द्यावेत का? त्यात आत एक पातळ सरकता थर असतो. तिरपा आघात झाला की तो दहा-पंधरा मिलिमीटर सरकून डोक्याला बसणारा पीळ कमी करतो. कल्पना पटण्याजोगी आहे, बजेट असेल तर घ्या. पण सैल मिप्सपेक्षा घट्ट बसलेलं साधं हेल्मेट बरं.

बॅटरीच्या सायकलीबद्दल दुकानात नेहमी विचारतात. पायडलला मदत करणारी मोटर पाव किलोवॉटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरला बंद होणारी असेल, तर केंद्रीय नियमांतल्या अटी पाळून ती मोटार वाहन ठरत नाही, सायकलचं हेल्मेट चालतं. नंबरप्लेटवाल्या ई-स्कूटरवर मात्र आयएसआयचंच घाला. उलट, मोटारसायकलचं जड हेल्मेट सायकलवर घालू नका. त्यात घाम कोंडतो, मान दुखते आणि मागचा हॉर्न नीट ऐकू येत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत आपल्या नियमांत सायकलच्या हेल्मेटाचं नाव चक्क आहे, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. २०२२ च्या दुरुस्तीनुसार नऊ महिने ते चार वर्षांचं मूल मोटारसायकलवर मागे असेल, तर त्याला त्याच्या डोक्याचं क्रॅश हेल्मेट किंवा ईएन १०७८, ईएन १०८० अशा मानकांचं सायकल हेल्मेट हवं. सोबत मुलाला बांधणारा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० च्या आत. ईएन १०८० चा बकल ओढ बसल्यावर आपोआप सुटतो. पण तो आहे म्हणून निर्धास्त राहू नका. घसरगुंडीवर किंवा जाळीवर चढण्याआधी मुलाचं हेल्मेट काढून ठेवा, नाहीतर पट्टा अडकून गळ्याला फास बसतो.

मेलबर्नला शिकायला निघालेल्यांनी एक लक्षात ठेवावं. व्हिक्टोरिया राज्यात १ जुलै १९९० पासून सायकलवर हेल्मेटची सक्ती आहे, तिथे चालणाऱ्या मानकाचंच हेल्मेट घ्यावं.

निगा सोपी आहे. खोबरेल तेल आणि घामाने आतल्या गाद्या महिन्याभरात कुबट होतात. त्या काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा. कवचाला पेट्रोल, थिनर, रंग लावू नका. उन्हात उभ्या कारच्या काचेजवळ हेल्मेट ठेवू नका. एकदा जोरात आपटलं की फोम आतून दबलेला असतो, वरून दिसत नसला तरी. असं हेल्मेट टाकून द्या, आणि टाकताना पट्टे कात्रीने कापा, म्हणजे भंगारातून उचलून कुणी ते पुन्हा डोक्यावर चढवणार नाही.