पाचर, खोका आणि नळकांडी: सहा महिने हात-पाय गिरवल्यावर

भौमितिक आकार रचून मग हात-पाय रेखाटायची पद्धत सहा महिने रोज अर्धा तास वापरली. पावलांना फर्स्ट क्लास, हातांना काठावर पास.

पाऊल म्हणजे पाचर. मागे टाचेचा गोळा, पुढे चपटा चवडा, वरून घोट्याकडून उतरत आलेला उतार. चित्रात ते हवेत तरंगतं, कारण पाचर आधी काढली जाते आणि जमीन नंतर शोधली जाते. यावर कोल्हापुरात इलाज दारातच पडलेला असतो. चप्पल फरशीवर तिरकी ठेवायची, चार-पाच फुटांवर बसायचं आणि आधी नुसता तिचा तळ काढायचा. तळ पर्स्पेक्टिव्हमध्ये (जवळचं मोठं, लांबचं लहान) बसला की त्यावर पाचर चढवायची. पुढे चप्पल घातलेलं पाऊल घ्या. आडवा पट्टा पावलाच्या उतारावरून कसा वळतो ते नीट बघा. तोच सरळ रेघेत मारला तर पाऊल पुठ्ठ्याचं होतं. अंगठा वेगळा ठोकळा, बाकी चार बोटं मिळून एक उतरती पाचर. आतला घोटा वर, बाहेरचा खाली. हे उलटलं की डाव्या-उजव्याचा घोळ झालाच. रंकाळ्याच्या कठड्यावर पाय सोडून बसलेल्यांवर मात्र चपलेची युक्ती चालत नाही, तिथे चवडा खाली लोंबतो.

हाताचं दुखणं निराळं. तळहाताचा चपटा खोका, अंगठ्याच्या मांसल भागाची वेगळी पाचर, बोटांची तीन-तीन नळकांडी, इथवर ठीक. हाताच्या पाठीकडून मोजलं तर मधलं बोट मनगटापासूनच्या हाताच्या साधारण निम्मं भरतं. तळव्याकडून ते आखूड दिसतं, कारण दोन बोटांमधली बेचकी पहिल्या पेराच्या जवळपास मध्यावर येते. हे विसरलं की बोटं काटकुळी होतात.

खरी गोम खोक्यात आहे, तो वाकत नाही. पांढऱ्या रश्श्याची वाटी तळव्यावर घेतलेला हात काढून बघा. तर्जनी आणि मधल्या बोटामागची हाडं जवळजवळ जागची हलत नाहीत. अनामिका-करंगळीकडची आत वळतात, म्हणून तळव्याला खोलगा येतो. त्यासाठी खोका उभा चिरून दोन फळ्या करायच्या आणि करंगळीकडची आत कलवायची. विकत मिळणाऱ्या लाकडी हाताचा तळवा बहुधा अखंड ठोकळाच असतो, त्यामुळे त्यावर पैसे घालू नयेत. आरशासमोर धरलेला आपला डावा हात पुरतो.

रचनेच्या रेघा फिक्या नारिंगी पेन्सिलीने आणि वरचं काम २बी या मऊ, गडद पेन्सिलीने केलं, तर खोडरबर फारसा लागत नाही.