नॅनोव्हीएनए-एच, आठ महिन्यांनंतर: सिम्युलेशन आणि मीटर यांचं जमेना, कारण निघालं केबलमध्ये

नॅनोव्हीएनए-एच म्हणजे अँटेना तपासायचा हातात मावणारा छोटा मीटर. गेल्या आठवड्यात तो अँटेनाला लावला आणि पडद्यावरची रेघ नाचायला लागली. केबल जरा डावीकडं सरकवली की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो त्याचा आकडा, एकच्या जितका जवळ तितका चांगला) १.३, उजवीकडं १.९. केबल जोडायच्या पहिल्या पोर्टची मधली पिन सैल झाली होती. विकणाऱ्याला व्हिडिओ पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं, ‘फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही.’ आठ महिन्यांत मीटर एकदाही हातातून पडलेला नाही. सहा मेल केले, उपयोग शून्य. शेवटी इथं कोल्हापुरात राजारामपुरीत मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोरानं दीडशे रुपयांत नवा एसएमए सॉकेट बसवून दिला आणि म्हणाला, “काका, एवढ्याशा पिनीवर ही जाडजूड केबल लोंबकळत ठेवलीया, टिकंल कशी?” बरोबर होतं त्याचं. आता पोर्टवर वीतभर बारीक केबल कायमची लावून ठेवलीय. पिळापिळी तिच्या दुसऱ्या टोकाला. नवा मीटर घेणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करा.

दिवाळीत घेतला तेव्हा पाच हजारांच्या आत मिळाला. काय काय मोजतो ते घेणाऱ्यांना ठाऊकच असतं. मला एकच काम होतं: हौशी रेडिओच्या दोन मीटर बँडचा, १४५ मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन हातांची साधी अँटेना. आधी तो फोर-नेक-टू ह्या अँटेना-सिम्युलेशनच्या प्रोग्रॅममध्ये काढला. त्याच्या आतलं गणित नेक-२चं, म्हणजे १९८१ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत फोरट्रानमध्ये लिहिलेलं. तिथं डिप, म्हणजे एसडब्ल्यूआर सगळ्यात खाली येतो ती जागा, बरोब्बर १४५वर. घराच्या वायरिंगमधून उरलेली अडीच एमएमची वायर तेवढीच कापली, गच्चीवर बांबूला बांधली. मीटर म्हणतो १३८.

पहिल्या दिवशी तर तेही नीट दिसलं नव्हतं. स्वीप, म्हणजे मीटर ज्या रेंजमध्ये मोजत जातो ती, पूर्ण ९०० मेगाहर्ट्झपर्यंत लावली होती. माझ्या मीटरवर १०१च बिंदू, म्हणजे दोन बिंदूंमध्ये जवळजवळ नऊ मेगाहर्ट्झचं अंतर. अख्खा बँड त्या फटीत मावतो. रेंज १३० ते १६० केली, तर पडद्याच्या डाव्या कडेचा, कॅलिब्रेशन (मोजण्याआधी मीटर जुळवून घेणं) चालू असल्याचं सांगणारा कॅपिटल ‘सी’ स्मॉल झाला. त्याचा अर्थ असा की जुनं कॅलिब्रेशन ओढूनताणून वापरलं जातंय. रेंज बदलली की ओपन, शॉर्ट, लोड हे तिन्ही तुकडे लावून कॅलिब्रेशन पुन्हा करायचं, कंटाळा करायचा नाही.

मार्चपर्यंत मी ह्या मीटरला पाचपैकी दोन तारे दिले असते. आता ते मत राहिलेलं नाही.

नेक-२ तार उघडी धरतं. माझ्या वायरवर पीव्हीसी होतं, त्यानं डिप खाली येतो. पीव्हीसी सोलून काढलं, डिप १४२च्या वर गेला. मग फीडपॉइंटला (केबल डायपोलला जोडतो तिथं) केबल सोलून काढलेली दोन्ही बाजूंची सेंटीमीटर-सेंटीमीटर शेपटी. एक मीटरच्या डायपोलमध्ये दोन सेंटीमीटर म्हणजे दोन टक्के, जवळजवळ तीन मेगाहर्ट्झ! ती तारेच्या लांबीत धरली आणि हिशेब जुळत आला.

तरी आकडा हलायचाच. केबलला हात लावला की डिप सरकायचा. मी महिनाभर मीटरला दोष देत होतो. दोष मीटरचा नव्हता. डायपोलला दोन हात, तर कोअॅक्सला (म्हणजे ह्या जाड केबलला) मधली तार आणि तिच्याभोवती जाळी. जाळीच्या आतल्या अंगानं वर आलेला प्रवाह फीडपॉइंटला फुटतो: थोडा डायपोलच्या हातात जातो, उरलेला जाळीच्या बाहेरच्या अंगावरून खाली उतरतो. म्हणजे केबल हाच अँटेनाचा तिसरा हात, आणि सिम्युलेशनमध्ये केबल काढलेलीच नाही. एका रात्री मॉडेलमध्ये फीडच्या एका बाजूला केबलएवढी तिसरी तार जोडून बघितली. डिप तिथंही सरकला! तार लांब-आखूड केली की गच्चीवर सरकायचा तसाच. आठ महिन्यांतला सगळ्यात आनंदाचा क्षण तो. मीटर आणि मॉडेल, दोघंही खरं बोलत होते, पण दोन वेगळ्या अँटेनांबद्दल.

केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला कॅलिब्रेशन केलं की झालं, असं बरेच जण सांगतात. ते करायलाच हवं, पण त्यानं केबलच्या आतला हिशेब सुटतो, बाहेरच्या प्रवाहाला ते काहीच करत नाही. त्यासाठी फीडपॉइंटलगत तो प्रवाह अडवणारा चोक लागतो. मी भंगारातल्या मॉनिटरच्या केबलींवरची पाच फेराइटं (ते काळे फुगीर मणी) काढून ओळीनं चढवली. खर्च काही नाही. आता केबल मुठीत धरली तरी रेघ हलत नाही, डिप १४४.७वर. आणि मोजताना मीटर बॅटरीवर ठेवा. यूएसबीनं लॅपटॉपला जोडला की लॅपटॉप आणि त्याचा चार्जरही त्या तिसऱ्या हातात सामील होतात.

तक्रारी आहेत. कोल्हापूरच्या एप्रिलच्या उन्हात पडदा दिसत नाही, डोक्यावर टॉवेल घेऊन वाचावं लागतं. पावसाळ्यात ओल्या बांबूवर घेतलेली मापं मी फाडून टाकली. ओलं लाकूड आकडे बिघडवतं, त्यात मीटरची चूक नाही. साडेतीन तारे. अर्धा तारा त्या पोर्टनं आणि विकणाऱ्याच्या उत्तरानं खाल्ला.

सध्या यागी, म्हणजे एका दिशेला जोर देणारी तीन दांड्यांची (एलिमेंटची) अँटेना, करायला घेतलीय. त्या दांड्या धरणाऱ्या बूमला उद्यमनगरातून अॅल्युमिनियमची चौकोनी नळी आणली. धातूच्या बूममधून एलिमेंट आरपार घातलं की ते विद्युतदृष्ट्या आखूड होतं आणि माझ्या मॉडेलमध्ये बूम नाही, म्हणून रिफ्लेक्टर आणि डायरेक्टर (मागची आणि पुढची दांडी) आकड्यापेक्षा थोडे लांब कापलेत. पाऊस उघडला की गच्चीवर चढवणार, फेराइटं आधी लावून.