गंगापूर रोडवरची कल चाचणी : परीक्षा नीट घेतात, अहवाल जपून वाचा

दहावीनंतर शाखा निवडायला मदत म्हणून नाशिकच्या गंगापूर रोडवरचे हे केंद्र कल चाचणी घेते. मूळ संच ३,५०० रुपयांचा आहे. त्यात अभिक्षमतेच्या (कोणते काम शिकायला जमेल हे पाहणाऱ्या) सहा चाचण्या, अभिरुचीची म्हणजे आवडीची आणि व्यक्तिमत्त्वाची एकेक प्रश्नावली, आणि पालकांसोबत पाऊण तासाचे समुपदेशन येते. बोटांच्या ठशांचे विश्लेषण हवे असेल तर २,५०० रुपये वेगळे.

चाचणी घेण्याची पद्धत खरोखर चांगली आहे. एका खोलीत दहाच मुले बसतात. सूचना छापील कागदावरून शब्दशः वाचल्या जातात आणि सरावाची उदाहरणे सगळ्यांना समजल्याशिवाय वेळ सुरू करत नाहीत. पालकांना बाहेर थांबवतात. दोन मुलांनी वेगवेगळ्या सूचना ऐकल्या तर त्यांचे गुण एकाच तक्त्यावर ताडून पाहण्यात अर्थ उरत नाही. आई शेजारी बसली असेल तर ‘कोणते काम आवडेल?’ या प्रश्नाला आईला आवडेल असेच उत्तर येते. त्यामुळे या दोन्ही गोष्टींचे पूर्ण गुण केंद्राला द्यायला हवेत.

गडबड अहवालात आहे. ‘आकडेमोड : ७५ शतमक, भाषा : ६५ शतमक, म्हणून विज्ञान शाखा’ असे वाक्य त्यात ठळक अक्षरांत छापलेले असते. ७५ शतमक म्हणजे शंभरातल्या ७५ मुलांपेक्षा जास्त गुण. चाचणीची मार्गदर्शिका मागितली की दाखवतात, हे चांगले. त्यात या दोन्ही चाचण्यांची विश्वसनीयता (पुन्हा मोजले तर गुण किती स्थिर राहतात याचा ० ते १ मधला आकडा) ०.८४ दिली आहे, गुणांची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा, १५. आता हिशोब करून पाहा. १ मधून ०.८४ वजा केले की ०.१६, त्याचे वर्गमूळ ०.४, त्याला १५ ने गुणले की ६. ही झाली मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे मिळालेले गुण खऱ्या गुणांपासून साधारण किती हलू शकतात ते. ७५ शतमक म्हणजे साधारण ११० गुण, म्हणून त्या मुलाचा खरा पट्टा १०४ ते ११६, म्हणजे ६१ ते ८६ शतमक. तोही तीनपैकी दोनदाच बरोबर ठरेल असा. ६५ शतमक म्हणजे जवळपास १०६ गुण. दोन चाचण्यांमधला फरक चार गुणांचा आहे आणि दोन्ही चाचण्यांच्या त्रुटी मिळून त्या फरकाची प्रमाण त्रुटी ८.५. फरक खरा आहे असे भरवशाने म्हणायला त्याच्या जवळपास दुप्पट, सुमारे १७ गुणांचे अंतर लागते. चार गुणांवर मुलाची शाखा ठरवणे चूक आहे. अहवालात एका आकड्याऐवजी पट्टा छापला तर हा प्रश्न बराचसा सुटतो आणि केंद्राला त्यासाठी काहीच खर्च येत नाही.

कारकुनी वेगाच्या चाचणीपुढे विश्वसनीयतेचा ०.९८ असा आकडा आहे. तो सम-विषम प्रश्नांच्या दोन भागांवरून काढलेला आहे. वेगाच्या चाचणीत मूल जिथवर पोहोचते तिथवरची जवळजवळ सगळी उत्तरे बरोबर असतात, त्यामुळे दोन्ही भाग आपोआप जुळतात आणि आकडा फुगतो. तिथे काही दिवसांनी पुन्हा चाचणी घेऊन काढलेला गुणांकच मागावा.

अभिरुचीच्या प्रश्नावलीत प्रत्येक क्षेत्राला सहाच प्रश्न आहेत. द्राक्षाची ब्रिक्स (रसातली गोडी) काढताना कोणी एका घडाचा एक मणी पिळून बाग तोडायला घेत नाही. वेगवेगळ्या वेलींवरचे, वरचे-खालचे मणी घेतात. प्रश्नांचेही तसेच आहे. सहा प्रश्नांच्या उपचाचणीची विश्वसनीयता ०.६० असेल, तर त्याच दर्जाचे बारा प्रश्न ठेवल्यावर ती ०.७५ होते. हे गणित जुने आणि पक्के आहे. शिवाय काही प्रश्न नकारार्थी आहेत. ‘मला अनोळखी लोकांशी बोलायला आवडत नाही’ यावर ‘असहमत’ म्हणजे नेमके काय, इथे मुले अडखळतात. ‘इंजिन उघडून दुरुस्त करणे’ हा प्रश्न ज्या मुलीला कधी पाना हातात धरू दिला नाही, तिच्या आवडीपेक्षा तिला मिळालेली संधी जास्त मोजतो.

भाषेचा मुद्दा सर्वांत गंभीर वाटतो. भाषिक चाचणी मूळ इंग्रजी, तिचे मराठी भाषांतर केलेले आणि मानके (गुण ताडून पाहण्याचे तक्ते) मात्र इंग्रजी माध्यमाच्या मुलांवरची. शब्द बदलला की प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते, मग जुना तक्ता लागू पडत नाही. पेठ-सुरगाण्याकडचा, घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारा मुलगा इथे कमी गुण मिळवतो तेव्हा त्याची तर्कशक्ती मोजली गेली की पुस्तकी मराठीची ओळख, हे सांगता येत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी निदान आकृत्यांच्या तर्कचाचणीचा निकाल आधी पाहावा.

व्यक्तिमत्त्वाच्या पानावर ‘तुम्ही कधी मोकळे असता, कधी स्वतःत रमता’ अशी वाक्ये आहेत. घरचे म्हणतात, अगदी तंतोतंत! मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना, प्रत्येकाचे स्वतंत्र म्हणून, एकच वर्णन वाटले होते. त्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन पटणे हा सप्रमाणतेचा, म्हणजे चाचणी जे मोजायचे तेच मोजते याचा, पुरावा नाही.

ठशांचे विश्लेषण घेऊ नका. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच, सहाव्या महिन्याच्या सुमारास पक्क्या होतात आणि जन्मभर तशाच राहतात. म्हणजे ते मोजमाप आज, उद्या, दहा वर्षांनीही तेच येईल. विश्वसनीयता याहून जास्त कुठे मिळणार? पण त्यावरून बुद्धी किंवा आवड कळते याला आधार नाही. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही २०१९ मध्ये तशी भूमिका जाहीर केली आहे. केंद्रातले लोक ‘दोनदा केले तरी तोच निकाल’ हे वैशिष्ट्य म्हणून सांगतात. वाक्य खरे आहे, पण त्याने सप्रमाणता सिद्ध होत नाही.

आठवड्यानंतर निम्म्या शुल्कात तीच चाचणी पुन्हा देण्याची सोय आहे. दुसऱ्यांदा वाढलेले गुण बहुतांशी सरावाचे असतात, त्यामुळे तो खर्च टाळावा.

मूळ संच घ्यायला हरकत नाही. समुपदेशनाला जाताना मुलाच्या आठवी ते दहावीच्या गुणपत्रिका न्याव्यात आणि चार गोष्टी विचाराव्यात : कच्चे (शतमकात न बदललेले) गुण किती, मानके कोणत्या साली कोणत्या मुलांवर काढली, प्रमाण त्रुटी किती, आणि या गुणांचा पुढच्या अभ्यासक्रमातल्या यशाशी संबंध तपासला आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर केंद्राकडे सध्या नाही. पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन निव्वळ चाचणी घेण्याच्या शिस्तीला.