गावचं हायस्कूल की नवोदय? पाचवीतल्या मुलांच्या आईबापांसाठी

गेल्या आठवड्यात वाडीतल्या एका वहिनींनी विचारलं, "भावजी, एवढ्याशा झिलाक लांब कसा धाडू?" मुलगा पाचवीत, अभ्यासात चांगला. शाळेतल्या बाईंनी नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, परीक्षेला बसवायला सांगितलंय. घरात दोन तट पडलेत. आमच्या घरी या दोन्ही वाटा चालून झाल्यात. माझी मुलगी तालुक्याच्या अनुदानित हायस्कुलातून दहावी झाली आणि पुतण्या चार वर्षं नवोदयात आहे. म्हणून जे पाहिलं ते सविस्तर लिहितो.

आधी आपल्या कोकणातल्या हायस्कुलांबद्दल, कारण हल्ली त्यांना 'दुसरं काही जमलं नाही तर' या खान्यात टाकतात आणि ते मला पटत नाही. धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरुडहून परीक्षेसाठी घाट चढून चालत साताऱ्याला गेले होते, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसूही दिलं नाही. शिक्षण इतकं लांब होतं. पुढे दापोलीच्या मिशन हायस्कुलातून पांडुरंग वामन काणे मॅट्रिक झाले, ज्यांना १९६३ साली भारतरत्न मिळालं. पालगडचे साने गुरुजीही दापोलीलाच शिकले. नंतर गावोगावी शिक्षण संस्था उभ्या राहिल्या त्या बऱ्याचशा चाकरमान्यांच्या वर्गणीवर. आमच्या हायस्कुलाच्या व्हरांड्यात देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे. वर मोठ्या रकमा आणि खाली पाच-पाच, दहा-दहा रुपयांची नावं. त्यातलं एक नाव माझ्या आजोबांचं. गिरणीतल्या माणसाला दहा रुपये म्हणजे काय होतं, हे मुलीला पहिल्या दिवशी ती पाटी दाखवूनच सांगितलं.

नवोदयची गोष्ट अलीकडची. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही विद्यालयं आली. देशातली पहिली दोन प्रयोग म्हणून १९८५-८६ मध्येच सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीला. प्रत्येक जिल्ह्याला एक, हे सूत्र. सिंधुदुर्गाचं सावंतवाडी तालुक्यात सांगेलीला आहे. सहावीला ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं मोफत. नववीपासून महिना ६०० रुपये विकास निधी असतो, पण मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना तोही माफ.

परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ५० गुण मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्यांचे. अंकगणित २५, भाषा २५. पुतण्याचा पेपर आकृत्यांवरच तरला. गणितात तो काही फार हुशार नव्हता, पण भावाने रोज रात्री जेवणानंतर त्याच्याकडून वीस आकृत्या सोडवून घेतल्या. ही परीक्षा एकदाच देता येते आणि ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेत पूर्ण झालेली लागतात. पाचवीपुरतं मामाकडे शहरात ठेवलं की तो हक्क गेला. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं असंच झालं, आणि त्यांना ते फॉर्म भरताना कळलं.

पैशांची तुलना करताना लोक 'नवोदय फुकट' म्हणतात आणि थांबतात. पण अनुदानित शाळेतही आठवीपर्यंत फी नाही, पुस्तकं आणि पोषण आहार मिळतो. मुलींना एसटीचा पास मोफत असतो. शिवाय आठवीतली एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असेल आणि मूल यादीत आलं, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. नवोदयच्या किंवा खासगी विनाअनुदानित शाळेच्या मुलाला ती देता येत नाही. माझ्या मुलीची अकरावी-बारावीची पुस्तकं आणि क्लासचा बराचसा खर्च यातूनच निघाला.

दहावीला इकडे राज्य मंडळ, तिकडे सीबीएसई. राज्य मंडळात सहाशेपैकी उत्तम पाच विषयांचे पाचशे धरतात, आणि चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ए श्रेणी असेल तर सात गुण वर मिळतात. सीबीएसईत या सवलती नाहीत, पण पुस्तकं एनसीईआरटीची. जेईई-नीटच्या वाटेवर जायचं असेल तर ती पुढे सरळ कामाला येतात. सीईटी देऊन राज्यातच इंजिनिअरिंग करायचं असेल तर अकरावी-बारावीचं राज्य मंडळ गैरसोयीचं नाही. आपल्या कोकण मंडळाचा निकाल दरवर्षी राज्यात वर असतो. २०२५ ला दहावीचा ९८.८२ टक्के लागला, राज्याचा ९४.१०. अभिमान वाटतोच, पण जवळजवळ सगळीच मुलं पास होत असतील तर या आकड्यावरून शाळा निवडता येत नाही.

माध्यमाची भीती मात्र काढून टाका. नवोदयात सातवी-आठवीपर्यंत आपली भाषा चालते, मग गणित-विज्ञान इंग्रजीतून. आपल्याकडे सेमी इंग्रजी घेतलं की तेच.

माझ्या मते खरा फरक दोन ठिकाणी आहे, शिक्षक आणि संध्याकाळ.

शिक्षकांची पदं पटावर ठरतात. कोकणात घरं बंद होतायत, वर्गात मुलं कमी, म्हणून पदं कमी. मुलगी नववीत असताना विज्ञानाची जागा सहा महिने रिकामी होती. मराठीच्या सरांनी जीवशास्त्र वाचून घेतलं, मनापासून घेतलं, पण प्रकाशाचे नियम आणि भिंगाची आकृती तोवर कुणी फळ्यावर काढली नाही. दिवाळीनंतर नवे सर आले. त्यांनी पहिल्याच दिवशी बहिर्वक्र भिंग उन्हात धरून कागद पेटवला. त्या संध्याकाळी मुलगी एसटीतून उतरली ती तेच सांगत. एका शिक्षकाच्या असण्या-नसण्याने एवढा फरक पडतो.

संध्याकाळ म्हणजे पोर शाळेतून आल्यावर कुठे बसतं. नवोदयात अभ्यासिकेची वेळ ठरलेली, सोबत शिक्षक आणि वाचनालय. आमच्याकडे पावसाळ्यात शेवटची एसटी चुकली की मुलगी साडेसातला घरी, वीज गेलेली, वह्या ओलसर. पण तीच मुलगी गणपतीत घरी होती, आजीच्या शेवटच्या दिवसांत तिच्या उशाशी होती. पुतण्या नव्हता. पहिल्या वर्षी तो फोनवर बोलायचाच नाही, नुसता श्वास ऐकू यायचा आणि त्याची आई रात्रभर जागी. दुसऱ्या वर्षापासून तो रमला. आता नववीत त्याच्या वर्गात परराज्यातली मुलं आहेत, कारण नववीला ३० टक्के मुलांची वर्षभर हिंदी आणि अहिंदी भाषिक राज्यांत अदलाबदल होते. त्याचा जिवलग मित्र उत्तर प्रदेशचा आहे आणि त्याला आमच्या घरची सोलकढी आवडते.

विनाअनुदानित इंग्रजी शाळेचा तिसरा पर्याय असतो. तो मी फारसा धरत नाही. फी आणि गाडीभाडं दरमहा झेपत असेल तरच विचार करा.

माझं मत विचाराल तर हायस्कूल चालत जाण्याच्या अंतरावर असेल आणि गणित, विज्ञान, इंग्रजी तिन्ही विषयांना पूर्णवेळ शिक्षक असतील, तर मूल घरी ठेवा. दोन गाड्या बदलाव्या लागत असतील, घरी अभ्यासाला जागा नसेल आणि शाळेत पदं रिकामी असतील, तर नवोदयला नाव आल्यावर रडूनसुद्धा पाठवा. मूल अंथरूण ओलं करत असेल किंवा सतत आजारी असेल, तर हे गणित बाजूला ठेवा. अशा पोराला घरच हवं.

फॉर्म पावसाळ्यात सुटतात. तो भरा, परीक्षा द्या, निर्णय नाव आल्यावर घ्या. तोवर एक करा. हायस्कुलात जाऊन मुख्याध्यापकांकडे नववीचं वेळापत्रक मागा. प्रत्येक तासापुढे कुणाचं नाव आहे ते बघा. एकच नाव तीन विषयांपुढे दिसलं तर विचारा, हे सर मूळचे कुठल्या विषयाचे? वाडीतल्या त्या वहिनी काल जाऊन आल्या. गणित आणि इंग्रजीला नावं आहेत, विज्ञानापुढे पेन्सिलीने लिहिलंय.