जपानी टोपी

आमच्या आरएक्स १०० मोटरसायकलच्या ब्लॉकची, म्हणजे ज्यात पिस्टन वरखाली होतो त्या भागाची, वरून तिसरी फिन (इंजिन थंड ठेवणारी बाहेरची पट्टी) तुटलेली होती. मी शाळेतसुद्धा जात नव्हतो तेव्हा बाबांनी बोरीच्या उतारावर म्हशीला चुकवताना गाडी आडवी घातली, त्याची ती खूण. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा उडालेला. धार हाताला लागू नये म्हणून बाबांनी ती जागा गोल कानशीने घासून गुळगुळीत केली होती. गाडी थंड असली की मी त्या खाचेत बोट घालून खेळत बसायचो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या भानगडीत माझ्याकडे पुरावा म्हणून एवढंच उरलं.

गाडी १९८७ची, म्हणजे गोवा राज्य झालं त्या वर्षीची. नंबर अजून जुन्या जीडी मालिकेतला. एस्कॉर्ट्सने यामाहाबरोबर ही गाडी १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं बनवली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. तिच्यावर बसलेल्याला मी काय सांगणार, आणि न बसलेल्याला सांगून कळायचं नाही. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये जपानहून आलेले भाग होते. त्यामुळे शौकिनांच्या जगात 'जपान' हा शब्द देवाच्या नावासारखा चालतो. जपान हेड, जपान क्रँक, जपान ब्लॉक. कुणी जपान म्हटलं की समोरच्याचं डोकं चालायचं थांबतं. माझं थांबलं.

२०२४च्या मे महिन्यात मी घरामागच्या जुन्या गोठ्यात गाडी खोलायला घेतली. चिऱ्यांच्या भिंती, वर कौलं, एक ट्यूबलाइट. गणेश चवथीपर्यंत गाडी उभी करायची, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, चांगला हेडलाइट, असं सगळं वहीत लिहून काढलं होतं. पावसाळ्यात आमच्याकडे उघडं लोखंड एका रात्रीत लाल होतं, म्हणून काढलेला प्रत्येक भाग तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवत होतो. एवढी काळजी घेणारा माणूस पुढे काय करून बसला बघा.

इंजिनात क्रँकचा (पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरवणाऱ्या दांड्याचा) आवाज येत होता. फोंड्यातल्या आमच्या जुन्या मेस्तरींना दाखवलं. त्यांनी ब्लॉकच्या आत बोट फिरवलं आणि म्हणाले, ह्याला हात लावू नको, पिस्टनच्या रिंगा घाल, क्रँकचे सील आणि बेअरिंग बदल, आणखी दहा वर्षं बघायला नको. मला ते पटलं नाही. गेले सहा महिने मी रात्री जागून रिस्टोरेशनचे व्हिडिओ बघत होतो. त्यातले लोक असं कधीच म्हणत नाहीत.

त्याच नादात एक 'स्पेशालिस्ट' भेटला, फोनवर. घाटावरच्या एका शहरातला. शहराचं नाव घेत नाही, तिथे चांगले लेथवाले भरपूर आहेत. मराठी गोड, मला पहिल्या वाक्यापासून 'दादा'. त्याने गाडीबद्दल इतकं विचारलं, इतकं विचारलं की मी खूश झालो. कुठल्या सालची? इंजिन नंबर १एल१नेच सुरू होतो ना? एकाच मालकाची का? आणि मग हळूच: "बोअर कितव्या साइजला आहे, दादा?" मी छाती फुगवून म्हटलं, अजून स्टँडर्ड! कधीच बोअर केलेली नाही! पलीकडे दोन सेकंद काहीच आवाज नाही. मला वाटलं, बिचारा भारावला.

तो माल जोखत होता. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो: ह्या ब्लॉकचं भोक मुळात ५० मिलिमीटरचं. झिजलं की लेथवर थोडं मोठं करून त्या मापाचा पिस्टन घालतात. पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण, एक. एकचा पिस्टन घातला की ब्लॉकची पुंजी संपली. मग आत नवी स्लीव्ह (लोखंडी नळी) ठोकायची नाहीतर ब्लॉक भंगारात. सदतीस वर्षांनंतरही पहिल्याच मापावर असलेला ब्लॉक म्हणजे ह्या लोकांच्या दृष्टीने घबाड.

तो म्हणाला, अख्खं इंजिनच पाठवा. इथे मात्र एका मित्राने मला वाचवलं. त्याने बजावलं की क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा सांगाडा, घराबाहेर जाऊ द्यायची नाही. इंजिन नंबर तिच्यावर कोरलेला असतो, तोच आरसीवर असतो. केस बदलून आली तर पुढच्या रिन्युअलला आरटीओत तू गाडीचा मालक आहेस हे सिद्ध करत बसशील. (पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करावी लागते, आमची बाबांनी न चुकता केली आहे.) म्हणून मी क्रँक, ब्लॉक, हेड (ब्लॉकचं वरचं झाकण) एवढंच पाठवलं. कुरिअरच्या पावतीवर वस्तू काय, किंमत किती असं लिहायचं होतं. खरी किंमत लिहिली तर विम्याचे जास्त पैसे लागतील म्हणून मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: जुने लोखंडी भाग, ५०० रुपये. ही पावती पुन्हा येणार आहे.

ठरले होते १५ हजार, तेही आगाऊ. दहा दिवसांनी निरोप: कॉनरॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) संपला आहे, पण तुमच्या नशिबाने जपानचा न वापरलेला जुन्या स्टॉकमधला किट मिळतोय, ११ हजार, आजच सांगा. व्हिडिओत पिवळट पडलेला डबा, त्यावर जपानी अक्षरं. पाठवले. मग क्रँक सरळ करणं, होनिंग (ब्लॉक आतून बारीक घासणं), आणखी काय काय, १२ हजार. तेही पाठवले. मी नोकरीने अकाउंटंट आहे. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासून लाल खुणा करतो. स्वतःच्या ३८ हजारांचं एकही बिल मागितलं नाही.

मधेच त्याने आणखी एक गळ टाकला. गाडीला 'व्हिंटेज पासिंग' करून देतो, २० हजार. आता बघा, ही थाप किती बेमालूम. केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम खरोखरच काढले, आणि त्यात नव्या नोंदणीची फी खरोखरच २० हजार आहे. मी शोधलं तर आकडा तंतोतंत जुळला. फक्त त्याच नियमांत आणखी एक ओळ होती: गाडी ५० वर्षांहून जुनी हवी. आमची सदतीसची. त्याला तसं सांगितलं तर हसला, "ओळख आहे दादा आपली." तिथेच मला सगळं कळायला हवं होतं. कळलंही असेल, पण ब्लॉक त्याच्या हातात होता आणि त्याला दुखवायची भीती वाटत होती. पैसे पाठवले नाहीत, पण माफी मागितल्यासारखा बोललो.

गणपती येऊन गेले. सप्टेंबरअखेर खोकं आलं, कुरिअरचे १,४०० माझ्याकडूनच. उघडलं आणि खरं सांगतो, डोळे निवले. ब्लॉक काळाभोर रंगवलेला. पिस्टन आधीच आत बसवून, तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. सोबत चिठ्ठी: पिस्टन बाहेर काढू नये, वॉरंटी राहणार नाही. पिस्टनचा माथा आरशासारखा पॉलिश केलेला. मी ब्लॉक फिरवून बघितला तर तिसरी फिन अखंड.

मी काय विचार केला असेल? ह्या माणसाने न सांगता वेल्डिंग करून फिन जोडून दिली! मी बायकोला हाक मारून दाखवलं. बाबांनाही दाखवलं. बाबांनी चष्मा लावला, बोट फिरवलं, आणि "असं जोडता येतं?" एवढंच विचारून आत गेले. गोठ्यातल्या खणात माझा व्हर्निअर, बारीक माप घ्यायचं हत्यार, पडला होता. हातभर अंतरावर. हात गेला नाही.

पुढचे आठ दिवस मी सुखात होतो. ऑइल पंपातली हवा काढली, कार्बोरेटर बसवलं, तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि गोठाभर तो टू-स्ट्रोकचा निळा धूर. नव्या इंजिनाला ताण द्यायचा नाही म्हणून चाळीसच्या वर नेली नाही. नवव्या दिवशी फर्मागुडीच्या चढणीवर आवाज एकदम कोरडा झाला. पत्र्यावर खडा घासल्यासारखा. आणि मागचं चाक धरलं. क्लच दाबायचं सुचलं म्हणून हे लिहायला बसलोय. मागून बस येत होती.

बाजूला उभा राहिलो. एक पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, थांबला, पिवळ्या मडगार्डचा, "कितें जालें रे?" किक खालीच जाईना. त्याने गाडीकडे एक नजर टाकली, स्वतःचा डावा पाय माझ्या मागच्या फूटरेस्टला लावला आणि मला ढकलत मेस्तरींच्या दारापर्यंत आणून सोडलं. पैसे घेतले नाहीत. त्या अख्ख्या वर्षात ह्या गाडीवर कुणी नीट काम केलं असेल तर त्याने.

मेस्तरींनी हेड काढलं. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे, अ‍ॅल्युमिनियम वितळून भिंतीला चिकटलेलं. पिस्टन आणि ब्लॉकमधली जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते, इथे ती अंदाजाने सोडलेली. त्यांनी व्हर्निअर घातला. ५१. मग त्या आरशासारख्या माथ्यावर नख घासून म्हणाले, मोठ्या मापाच्या पिस्टनवर आकडा ठोकलेला असतो, २५, ५०, ७५, १००. पॉलिश केला नाही, आकडा घालवला आहे. मग ब्लॉक उलटा केला, फिनांवरून अंगठा फिरवला. माझ्याकडे बघितलंही नाही.

"हें तुजें न्हय रे बाबा."

मी ज्या दोन गोष्टींवर भाळलो होतो, अखंड फिन आणि चकाकता माथा, नेमक्या त्याच दोन गोष्टी त्या स्पेशालिस्टच्या चोरीच्या खुणा होत्या. क्रँकही बदललेली निघाली. हेड मात्र आमचंच. त्याला बहुधा गिऱ्हाईक नसावं.

फोन केला तर म्हणाला, "दादा, ऑइल कमी पडलं असेल." फिनचं विचारलं. फोन कट, त्यानंतर नंबर ब्लॉक. तीन आठवड्यांनी एका मित्राने फोटो पाठवला: '१९८७, स्टँडर्ड बोअर, पूर्ण जपान, किंमत इनबॉक्समध्ये'. वरून तिसरी फिन तुटलेली, खाच गुळगुळीत. मित्राने गिऱ्हाईक बनून बोलायचा प्रयत्न केला, पण दोन प्रश्नांतच विकणाऱ्याला वास लागला असावा. संध्याकाळपर्यंत जाहिरात गायब.

सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. खरं तर हा नंबर पैसे गेल्या-गेल्या लावायचा असतो, म्हणजे रक्कम मधेच अडवता येते. माझे जाऊन तीन महिने झाले होते. पोलीस ठाण्यातही गेलो. तिथले अधिकारी नीट बोलले. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, हे त्यांच्याकडूनच कळलं. मग त्यांनी विचारलं, काय पाठवलं होतं आणि किमतीचं काय लेखी आहे? मी पावती पुढे केली. त्यांनी ती वाचली, मग पुन्हा वाचली. जुने लोखंडी भाग, ५०० रुपये. मला आजही ते आठवलं की कान गरम होतात.

सध्या मेस्तरींनी त्या परक्या ब्लॉकमध्ये स्लीव्ह घालून पुन्हा ५०वर आणून दिला आहे. गाडी चालते. आता कुठलाही भाग बाहेर द्यायचा झाला तर आधी सेंटर पंचने आतल्या, न दिसणाऱ्या जागी तीन ठिपके ठोकतो, माप वहीत लिहितो, व्हर्निअरसकट फोटो काढतो, आणि पावतीवर खरी किंमत टाकतो, विम्याचे पैसे गेले खड्ड्यात. पिस्टन सुटा मागतो. आधीच बसवून दिला तर तिथेच काढून बघतो. ज्याला राग येईल त्याला येऊ दे. आणि काम होता होईल तो फोंड्यातच.

तो ब्लॉक विकला गेला असणार. तुमच्यापैकी कुणाकडे 'जपान ब्लॉक' म्हणून आला असेल तर एकदा वरून तिसरी फिन बघा. तुटलेल्या जागी गोल कानशीचे बारीक आडवे ओरखडे आहेत, रंगाखालूनही बोटाला लागतात. मिळाला तर भांडायला येणार नाही. तुम्ही मोजले तेवढे पैसे देतो.

बाबांना अजून नीट सांगितलेलं नाही. परवा गोठ्यात येऊन त्यांनी पुन्हा त्या फिनवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "जोडायची गरज नव्हती."

मी हो म्हटलं.