गाडीतलं नेव्हिगेशन की फोन? ३१ हजार किलोमीटरनंतरचा अनुभव

२०२४ च्या दसऱ्याला गाडी घेतली. मधलं व्हेरियंट पुरेसं होतं, पण वरच्यात कंपनीचं स्वतःचं नेव्हिगेशन होतं आणि माझा जीव त्यात अडकला. बायको शोरूममध्येच म्हणाली, "फोन आहे की तुझ्याकडे." मी म्हटलं, फोन तो फोन, ही गाडीची गोष्ट वेगळी. आज १४ महिने झाले. तिचं बारा आणे खरं निघालं. पण उरलेले चार आणेही खोटे नाहीत, म्हणून हे लिहितोय.

आधी माझं फिरणं सांगतो, कारण नकाशा कसा वाटतो हे तुम्ही कुठे फिरता त्यावर आहे. मी दूध संस्थांमधले बल्क कूलर, म्हणजे गोळा केलेलं दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाक्या, दुरुस्त करतो. राहायला पुण्यात बावधनला, काम सातारा, सांगली, कोल्हापूर, अधूनमधून सोलापूर. कूलर बंद पडला की चार डिग्रीवरच्या दुधाचं तापमान चढायला लागतं आणि संस्थेच्या सचिवाचे फोन सुरू होतात. संध्याकाळचं दूध यायच्या आत पोचायचं असतं. रस्ता चुकला तर नुसता डिझेलचा प्रश्न नसतो.

पहिल्याच आठवड्यात गाडीच्या नेव्हिगेशनने इंगा दाखवला, तोही घरापासून पाच मिनिटांवर. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकं लावून पाडला. सहाशे किलो स्फोटकं लावूनही सांगाडा उभाच राहिला आणि उरलेलं काम यंत्रांनी केलं, हे बघायला निम्मं पुणे रात्रभर टीव्हीसमोर बसलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे नव्या पुलांचं उद्घाटन झालं. माझ्या कोऱ्या करकरीत गाडीच्या नकाशात मात्र तो जुना पूल शाबूत होता. नव्या रॅम्पवरून जाताना बाण हवेत तरंगायचा आणि बाई सांगायची, आता डावीकडे. डावीकडे कठडा. चांदणी चौकात पुणेकर स्वतः चुकतो, तिथे ही कशी टिकणार, असं म्हणून मी तिला पहिल्यांदा माफ केलं.

मग अपडेटच्या मागे लागलो. माझ्या गाडीत तीन वर्षं अपडेट फुकट, पुढे पैसे. पण हे फुकट म्हणजे काय, तर घरी संगणकावर वीसेक जीबीची फाइल उतरवायची, पेनड्राइव्ह ठरावीक पद्धतीने फॉरमॅट करायचा, गाडीत लावायचा आणि इंजिन चालू ठेवून तासभर बसायचं. मधे इंजिन बंद झालं तर पुन्हा पहिल्यापासून. माझं दोनदा फसलं. सर्व्हिसिंगला गाडी टाकली तेव्हा तिथल्या मुलाला म्हटलं, तुम्हीच करून द्या. तो बिचारा प्रामाणिक होता. म्हणाला, "करतो साहेब, पण हे कुणीच मागत नाही हो. मला एकदा विचारून यावं लागेल." दोन तासांनी आला. जुना पूल गेला, नवे रॅम्प आले. फोनमध्ये हे सगळं मी न सांगता, न बसता, कधीच झालेलं होतं.

पण बारा आण्यांतला मोठा वाटा अपडेटचा नाही, शोधण्याचा आहे. माझ्या गाडीचा कीबोर्ड फक्त इंग्रजी. आपली गावं रोमनमध्ये लिहायची म्हणजे जुगार. वडगाव व्हीने की डब्ल्यूने? वारणा? शिरवळ? फोनवर काहीही लिहा, तो समजून घेतो, मराठीत लिहा, बोला, तरी चालतं. गाडीला तिच्या मनातलंच स्पेलिंग हवं. त्यात आपल्याकडे वडगाव किती: वडगाव मावळ, पेठ वडगाव, वडगाव हवेली, वडगाव बुद्रुक... यादी उघडली की सगळी एकाखाली एक, आणि पडद्यावर मावत नाही म्हणून शेवटचा शब्द कापलेला. म्हणजे नेमका जो शब्द बघायचा तोच नाही. बुद्रुक आणि खुर्द हे तर तिला कळतच नाही, ती "बी के" आणि "के एच" वाचते. वाईला "वाय" म्हणते. सुरुवातीला हसू यायचं, मग आवाजच बंद करून टाकला.

शिवाय आता पत्ता कोण सांगतो? सचिव म्हणतो, "साहेब, लोकेशन टाकलंय." व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पिनला बोट लावलं की फोन थेट संस्थेच्या दारात. तीच पिन गाडीत घालायची तर कंपनीचं वेगळं अ‍ॅप, त्याचं लॉगिन, त्यातून "गाडीला पाठवा", आणि गाडीला रेंज असेल तर ती पोचणार. हा उपद्व्याप मी तीनदा केला. चौथ्यांदा केला नाही.

ट्रॅफिकचं थोडक्यात सांगतो. शनिवारी सकाळी पुण्याहून साताऱ्याकडे निघालात तर खंबाटकी चढताना काय होतं ते सांगायला नको. (येताना जुना बोगदा, जाताना मी घाटानेच जायचो.) फोनवरचं ट्रॅफिक रस्त्यावरच्या बाकीच्या फोनांच्या वेगावरून बनतं. घाटात दोन ट्रक बंद पडले की काही मिनिटांत रेघ लाल होते. फेब्रुवारीत एकदा त्याने शिरवळलाच मला लोणंदकडे वळवलं, वाठारवरून साताऱ्यात काढलं आणि घाटात अडकलेला माझा सहकारी माझ्यानंतर सव्वा तासाने पोचला. गाडीतही थेट ट्रॅफिक आहे म्हणे, आतल्या सिमवरून. त्या दिवशी तिने संपूर्ण घाट हिरवागार दाखवला होता.

आता चार आणे.

गणपतीत सासुरवाडीला खेडला जातो. ताम्हिणी उतरून माणगाव, महाड, पोलादपूर आणि मग कशेडीचा नवा बोगदा, साधारण दोन किलोमीटरचा. बोगद्याच्या तोंडाशी फोनचा निळा ठिपका थबकला, मग थोडा अंदाजाने पुढे सरकला आणि बाहेर पडल्यावर चक्क वरच्या जुन्या घाटरस्त्यावर जाऊन बसला. अर्धा मिनिट तो मला घाटातली वळणं सांगत होता. गाडीचा बाण मात्र आतमध्येही माझ्या वेगाने, सरळ रेषेत चालला होता. कारण गाडीला उपग्रह दिसला नाही तरी चाकं किती फिरली हे कळतं आणि आपण कुठे वळलो हे तिच्यातला जायरो सांगतो. ही युक्ती जुनी आहे. होंडाने १९८१ साली जपानमध्ये गाडीत नेव्हिगेशन आणलं तेव्हा सामान्य माणसाला जीपीएस मिळतच नव्हतं. ते यंत्र जायरो आणि चाकांच्या हिशोबावरच चालायचं आणि पडद्यावर पारदर्शक नकाशा ठेवून तो हाताने जुळवावा लागायचा. म्हणजे उपग्रहाशिवाय रस्ता ओळखणं हे गाडीच्या नेव्हिगेशनचं मूळ काम आहे, आणि ते ती अजून फोनपेक्षा चांगलं करते. मॉलच्या तळघरातून निघतानाही तेच. फोनचा बाण गरगर फिरत असतो, "उत्तरेकडे निघा" म्हणतो आणि उत्तर कुठे हे पार्किंगमध्ये कुणाला माहीत? गाडीला आपलं तोंड कुठे आहे हे काल रात्रीपासून लक्षात असतं.

महामार्ग आणि सर्व्हिस रोड यांत मात्र दोघंही गोंधळतात. साताऱ्यापासून कागलपर्यंत रस्त्याचं काम चालू आहे, आज वर असलेला रस्ता उद्या खाली असतो. तिथे मी पाट्या वाचतो. पाट्या असल्या तर.

दुसरं, ऊन. एप्रिलमध्ये मोहोळजवळ दुपारी दोनला काचेवर लावलेला फोन, चार्जिंग चालू, नकाशा चालू. आधी पडदा मंद झाला, मग फोन तापल्याची सूचना आली आणि नकाशा गायब. पुढे फाटा कुठला हे नेमकं तेव्हाच हवं होतं. तेव्हापासून फोनचा स्टँड काचेवरून काढून एसीच्या झरोक्यावर लावला. ड्रायव्हरला वारा कमी लागतो, फोनला मिळतो. फोन जगला पाहिजे.

आणि तिसरं म्हणजे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: गाडीच्या नेव्हिगेशनचा वळणाचा बाण स्टिअरिंगमागे, स्पीडोमीटरशेजारी येतो. मान वळवावी लागत नाही. सचिवाचा फोन आला तरी बाण तिथेच राहतो. फोनमध्ये ऐन चौकात कॉल येतो, "साहेब, कुठवर आलात?" ची पट्टी वर चढते आणि वळण मागे राहतं. माझ्या गाडीत अँड्रॉइड ऑटोचा (फोनचा नकाशा गाडीच्या पडद्यावर दाखवणारी सोय) बाण स्टिअरिंगमागे येत नाही, फक्त मधल्या मोठ्या पडद्यावर. नव्या काही गाड्यांत येतो म्हणतात. गाडी घेणार असाल तर नेव्हिगेशन आहे का हे विचारूच नका, फोनचा बाण स्टिअरिंगमागे येतो का हे विचारा. शोरूममध्ये स्वतःचा फोन जोडून बघा.

आता जुलैतली गोष्ट. पन्हाळा तालुक्यात कासारीकाठच्या एका संस्थेतून दुपारी तीनला फोन आला, कॉम्प्रेसर बंद. मी नदीच्या अलीकडे होतो. फोन म्हणाला ११ मिनिटं. सहज म्हणून गाडीत ते गाव घातलं तर ३८ मिनिटं. अर्थातच फोनचं ऐकलं. त्याने डांबरी सोडून उसातल्या पाणंदीत घातलं, दोन्ही आरशांना पाती घासत होती, आणि शेवटी नदीवर आणून उभं केलं. समोर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: नदीत दगडी खांब असतात, पावसाळा संपला की खांबांमधल्या खाचांत बरगे बसवून पाणी अडवतात, पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढतात. वर जेमतेम एक गाडी जाईल एवढी स्लॅब, कठडा असला तर असला. एरवी गावकरी तिचा पुलासारखा वापर करतात, म्हणून फोनच्या नकाशात तो पूल आहे, बाराही महिने. त्या दिवशी स्लॅबवरून हातभर गढूळ पाणी वाहत होतं. "बंधारे पाण्याखाली" ही कोल्हापूरच्या पेपरांत दर पावसाळ्यात येणारी बातमी आहे, पण ती वाचणारं अ‍ॅप अजून आलेलं नाही.

अलीकडे एक म्हातारबाबा म्हशी घेऊन बसले होते. मला बघून उठलेही नाहीत.

"काय पाव्हणं, फोननं आणलं व्हय?"

"हो."

"सकाळपास्नं चौथी गाडी."

वळायला जागा नव्हती. पाणंदीतून दोनेकशे मीटर रिव्हर्समध्ये आलो, आणि इथे मागचा कॅमेरा नसता तर मी ऊस तोडूनच बाहेर पडलो असतो. मग गाडीचा ३८ मिनिटांचा रस्ता धरला, मोठ्या पुलावरून. गाडीने बरोबर सांगितलं खरं, पण कशामुळे? तिला बंधारा माहीतच नव्हता. अज्ञानाला गुण द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा, मी त्या दिवशी दिले. संस्थेत पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि पहिली दोन माणसं कॅन घेऊन दारात उभी होती.

सध्या माझा रिवाज असा. रोजचं सगळं फोनवर, केबलने जोडून. वायरलेस सोयीचं आहे, पण लांबच्या प्रवासात फोन तापवतं. केबल मात्र फोनबरोबर आलेलीच वापरा, रस्त्यावर घेतलेली खड्ड्यात सुटते. गगनबावडा, भुईबावडा या बाजूला जायचं असेल तर आदल्या रात्री वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवतो. त्यालाही मुदत असते, जुना उतरवलेला असेल तर तपासा. आणि पावसाळ्यात फोन मुख्य रस्ता सोडून वळायला सांगायला लागला की गाडीचं नेव्हिगेशन लावून बघतो. दोघांत दहा मिनिटांपेक्षा जास्त फरक दिसला तर सचिवाला फोन करतो: मधे बंधारा आहे का? जुनी गाडी विकताना आणखी एक करा, तिच्यातलं नेव्हिगेशन रीसेट करा. माझ्या आधीच्या गाडीत घराचा पत्ता, मुलीची शाळा, सगळं तसंच होतं, घेणाऱ्यानेच फोन करून सांगितलं.

तीन वर्षांनंतर पैसे भरून अपडेट घेणार का? नाही. स्टिअरिंगमागच्या बाणापुरते पैसे वेगळे घेत असतील तर विचार करीन.

नोव्हेंबरात त्याच संस्थेत पुन्हा जाणं झालं. बरगे बसले होते, वरच्या अंगाला पाणी तुडुंब, खालच्या अंगाला बायका धुणं धूत होत्या. फोनने तोच ११ मिनिटांचा रस्ता दाखवला आणि या वेळी मी गेलो, पहिल्या गिअरमध्ये, आरसे मिटून. शेजारी आमचा मदतनीस पोरगा होता. बंधाऱ्याच्या मध्यावर त्याने गंमत म्हणून गाडीचा नकाशा लावला, आवाजासकट. पडद्यावर निळ्या पट्ट्याच्या मधोमध आमचा बाण, पुढे रस्ता नाही, मागे नाही, आणि बाई शांतपणे सांगतेय, "मेक अ यू-टर्न."

पोरगा म्हणाला, "सर, हिच्या हिशोबानं आपण बुडालो."